नागपुरातील प्रतिपालकत्व सेवा : एका कुटुंबाचा अभिप्राय

नागपुरात प्रतिपालक कुटुंब म्हणून, म्हणजे फॉस्टर केअरसाठी, नाव नोंदवावे का, असे ओळखीचे आणि अनोळखी लोक आम्हाला आता वरचेवर विचारू लागले आहेत. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवलेले बरे, म्हणून हा अभिप्राय. तो योजनेविषयी आहे, पण त्याहून अधिक योजनेतर्फे घरी येणाऱ्या सामाजिक कार्यकर्तीच्या कामाविषयी आहे. कारण अर्जापासून आजपर्यंत ही योजना आमच्या वाट्याला जी काही आली, ती जवळजवळ सगळी त्या एका व्यक्तीच्या हातून आली. मुलाचे नाव, वय, शाळा, त्याच्या घरची हकीकत, आमची वस्ती आणि ज्या स्वयंसेवी संस्थेमार्फत आमचे काम झाले तिचे नाव, यांपैकी काहीही येथे सापडणार नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कायदा नसता तरी मी ते लिहिले नसते, हा भाग वेगळा.

चौकशी करणारे बहुतेक जण तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतात. दत्तक घेतलेले मूल कायमचे आणि कायद्याने आपले होते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना ही राज्य शासनाची आर्थिक मदतीची योजना असून, आई किंवा वडील गमावलेल्या अथवा अडचणीत सापडलेल्या मुलाला संस्थेत न जाता कुटुंबात राहता यावे यासाठी तिच्यातून दरमहा २२५० रुपये मिळतात. प्रतिपालकत्वात मूल नात्यागोत्याच्या नसलेल्या, पण तपासून घेतलेल्या कुटुंबात काही काळासाठी राहायला येते. त्याचे आईवडील हयात असतील तर ते त्याचे आईवडीलच राहतात, मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर ते त्याला भेटू शकतात, आणि त्यांची परिस्थिती सावरली अशी बाल कल्याण समितीची, म्हणजे अशा मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्हा पातळीवरच्या समितीची, खात्री पटली की मूल त्यांच्याकडे परत जाते. अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये हे सगळे आहे. ज्यांना हे शेवटचे जड वाटते त्यांनी अर्ज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आमच्या सामाजिक कार्यकर्त्या ताईंनीही पहिल्याच भेटीत, चहा येण्याच्या आधी, आम्हाला हेच सांगितले होते. सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही तसेच लिहिते.

गृहभेट अहवालासाठी ताई आल्या तेव्हा नागपूरचा मे महिना होता. आम्ही घर आवरून, पडदे बदलून बसलो होतो. त्यांनी पडद्यांकडे पाहिलेही नाही. खिडकीतल्या कूलरजवळ जाऊन त्यांनी तो कोणत्या प्लगवर चालतो, अर्थिंग आहे का, पाणी भरताना बंद करण्याची घरात सवय आहे का, हे विचारले, कारण विदर्भातल्या उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात आणि संस्थेत वाढलेल्या मुलाला कूलर हाताळण्याची सवय नसते. नंतर न्हाणीघराची कडी आतून किती उंचीवर आहे ते पाहिले. मूल कुठे झोपेल, त्या खोलीतून रात्री कोणाला जावे-यावे लागते, दार बंद होते का, याची माहिती त्यांनी साध्या दोनशेपानी वहीत लिहून घेतली. छापील नमुना नंतर भरला.

मग त्यांनी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळे बसवून विचारले. माझ्या यजमानांना विचारलेला प्रश्न मला दाराआडून ऐकू आला: ‘काका, मुलीवर तुम्ही शेवटचा हात कधी उगारला होता?’ कधी उगारला होता का, असे त्यांनी विचारलेच नाही. यजमान बराच वेळ गप्प राहिले आणि मग खरे ते बोलले. सासूबाईंना त्यांनी विचारले की दुसऱ्याचे लेकरू घरात आले, त्याची जात तुम्हाला कोणी सांगितली नाही, तर त्याला देवघरात आणि स्वयंपाकघरात मोकळीक असेल का. सासूबाई म्हणाल्या, ‘हात धुऊन यावं, एवढंच.’ ताईंनी ते वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवले. आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. तिला व्हिडिओ कॉल करून, फोन माझ्या हातून घेऊन गॅलरीत जाऊन, तिच्याशी बोलणे झाले. शेजारी त्या परस्पर जाऊन आल्या, हे आम्हाला नंतर शेजारणीकडूनच कळले. यजमानांना ते लागले. आपण काय चोर आहोत का, असे ते म्हणाले. मला मात्र त्या दिवशी या सेवेविषयी पहिल्यांदा विश्वास वाटला, कारण परक्या घरात मूल सोपवायचे तर ज्यांच्या घरी सोपवायचे त्यांच्या शब्दावर भागवून चालणार नाही, एवढे भान असलेला माणूस आमच्या दारात आला होता.

मुलाच्या बाजूची तयारीही तितकीच बारकाईने झाली. ताईंनी आमच्या घराचे फोटो काढून नेले. त्यांत दिवाणखाना नव्हता. फाटक, जिना, संडास, मुलाचा पलंग आणि आमचा कुत्रा होता. ते फोटो पाहून मुलाने पहिला प्रश्न केला की कुत्रा चावतो का, आणि दुसरा असा की संडासात रात्री दिवा असतो का. तो राहायला येण्याआधी काही वेळा नुसता भेटायला आला आणि संध्याकाळी परत गेला. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी बाल कल्याण समितीची रचना असते. तिच्यासमोर आम्ही गेलो तेव्हा समितीने आमच्याइतकेच मुलालाही विचारले. त्याने ‘जाऊन पाहतो’ असे उत्तर दिले. ते पुरेसे आहे, उलट फार उत्साहाने हो म्हणणाऱ्या मुलाची मला जास्त काळजी वाटते, असे ताई बाहेर आल्यावर म्हणाल्या.

तो आल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत ताईंचे खरे काम दिसले. मुलगा प्रत्येक गोष्टीला परवानगी मागत असे. ‘काकू, पाणी पिऊ?’ हा प्रश्न दिवसातून कितीतरी वेळा येई. आपले घर समज, विचारायचे काय त्यात, असे मी सांगत राहिले आणि तो विचारत राहिला. ताईंना हे सांगितल्यावर त्यांनी घर आपले समजण्याचा उपदेश बंद करायला सांगितला. मोठ्या संस्थेत पाण्यालाही वेळ असते, तिथे न विचारता उठणे ही चूक ठरते, आणि तोंडी आश्वासनाने ती सवय जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच्या हाताला येईल इतक्या उंचीवर पाण्याचा माठ ठेवा, त्याच्यासाठी निराळ्या रंगाचा पेला आणा, आणि तो विचारेल तितक्या वेळा न हसता, न वैतागता नुसते ‘हो’ म्हणा, एवढेच त्यांनी करायला लावले. पावसाळा सुरू होईपर्यंत प्रश्न आपोआप कमी झाले. बालमानसशास्त्राची भारी नावे घेऊन त्यांना हे सांगता आले असते. त्यांनी माठाची उंची सांगितली, आणि मला नेमके तेच हवे होते.

प्रतिपालक कुटुंबाची दरमहा पाहणी व्हावी, असे अधिनियमात आहे. ताई कधी कळवून येत, कधी न कळवता. आल्या की आधी मुलाला घेऊन गच्चीच्या जिन्यावर जाऊन बसत आणि आमच्याशी नंतर बोलत; या क्रमात कधी बदल झाला नाही. खूश आहेस का, असे त्या त्याला विचारत नसत. काल रात्री काय जेवलास, ताट कोणी वाढले, मग कोण कुठे झोपले, असे विचारत. हे मला मुलाने सांगितले, आणि नंतर ताईंनीही त्याचे कारण सांगितले: खूश आहेस का, याला मुले मोठ्यांना आवडेल ते उत्तर देतात, ताट कोणी वाढले, याला खरे उत्तर देतात. ताई आमच्याशी प्रेमाने वागल्या, वेळीअवेळी फोन घेतले, पण त्या आमच्या बाजूच्या नव्हत्या. त्या मुलाच्या बाजूच्या होत्या. ज्या कुटुंबाला हे खटकते त्याला ही सेवा जाचक वाटेल, आणि तसे वाटलेले एक कुटुंब मला माहीत आहे.

आईच्या भेटीविषयी थोडेच लिहिते, कारण ती हकीकत माझी नाही. संस्थेच्या एका खोलीत ती भेट झाली. जाण्यापूर्वी ताईंनी आम्हाला दोन गोष्टी बजावल्या होत्या: त्या बाईला ‘का’ने सुरू होणारा एकही प्रश्न विचारायचा नाही, आणि मुलासमोर तिचा उल्लेख ‘तुझी आई’ असाच करायचा. आम्हाला त्याने काका-काकूच म्हणावे, हेही त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवून दिले होते. आईने पिशवीतून शेव-चिवड्याचा पुडा आणला होता. मुलगा तिच्याशी फारसे बोलला नाही. घरी आल्यावर मात्र त्याने चित्रकलेची वही टराटरा फाडली. मी ताईंना फोन करावा या विचारात असतानाच त्यांचा फोन आला. ‘आज चिडला तर चिडू द्या, काकू. वही भरून काढायला सांगू नका. आणि तो चिवडा त्याच्याच खोलीत राहू द्या, तुमच्या डब्यात ओतू नका.’ पुड्याचे मला सुचले नसते, हे मान्य करायला हवे.

शाळेचे प्रकरण कागदोपत्री असल्याने भराभर सांगते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तेवढा अवधी आम्हाला मिळाला, तरीही एका शाळेने आधीच्या शाळेचा दाखला आल्याशिवाय प्रवेश नाही, असे सांगितले. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. ताईंनी समितीच्या आदेशाची प्रत आणि त्या कायद्यातले कलम मुख्याध्यापकांसमोर ठेवले, आवाज अजिबात चढवला नाही, आणि काम करून घेतले. अर्जावर आईवडिलांच्या रकान्यात त्याच्या आईवडिलांची नावे गेली, पालक म्हणून आमची गेली.

तान्हा पोळा हा नागपूरच्या मुलांचा फार मोठा सण. लाकडी बैल घेऊन पोरे घरोघरी जातात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवतात. आमचा मुलगा पहिल्यांदाच बैल घेऊन निघणार होता, आणि वस्तीतल्या प्रत्येक दारात ‘तू कोणाचा रे?’ हे विचारले जाणार, हे उघड होते. त्यावर काय बोलायचे, याचा सराव ताईंनी त्याच्याकडून आधीच करून घेतला होता. ‘मी सध्या काकांकडे राहतो’ एवढेच वाक्य, आणि कोणी पुढे विचारले तर बैल दाखवायचा. त्याने सगळीकडे बैलच दाखवला. बैलाची शिंगे त्याने स्वतः सोनेरी रंगवली होती, एक शिंग थोडे जास्तच, त्यामुळे लोकही शिंगांवरच बोलत राहिले. अशी युक्ती कोणत्याही मार्गदर्शक सूचनांत छापलेली नसते. ज्याने ही वस्ती, हा सण आणि इथल्या बायकांच्या चौकशा पाहिल्या आहेत त्यालाच ती सुचणार.

आता जे जमले नाही त्याविषयी. आमच्या ताई मध्येच दुसरीकडे नोकरी लागल्याने गेल्या. त्यांना दोष देता येणार नाही. या क्षेत्रातल्या बहुतेक नेमणुका कंत्राटी असतात आणि घर चालवायचे तर माणूस स्थिर नोकरी शोधणारच. दोष आहे तो बदलाच्या पद्धतीचा. एका दिवशी फोन आला की आता दुसऱ्या ताई येतील, आणि दुसऱ्या ताई फाइल घेऊन आल्या. फाइलमध्ये मुलाची उंची, वजन, लसी, गुणपत्रक, समितीचे आदेश, सगळे होते. माठ नव्हता. आईला काय विचारायचे नाही, हे नव्हते. वहीत टिपून घेतलेले वहीसोबतच गेले असावे. नव्या ताईंनी अगदी प्रेमाने, तू आधी कुठे राहत होतास, येथून सुरुवात केली. मुलाने ‘ते पहिल्या ताईला माहीत आहे’ असे सांगितले आणि तो कुत्र्याला घेऊन गच्चीवर निघून गेला. आयुष्यात माणसे न सांगता निघून जातात, हे ज्या मुलाने पुरेसे पाहिले आहे, त्याला ते आणखी एकदा दाखवण्याचे काम त्याच्या संरक्षणासाठी असलेल्या व्यवस्थेने करू नये. जुन्या आणि नव्या कार्यकर्तीने एकदा तरी एकत्र घरी यावे, एवढी साधी मागणी मी संस्थेकडे लेखी केली आहे. नव्या ताईही आता रुळल्या आहेत आणि चांगल्या आहेत, पण मुलाने त्यांच्यासोबत जिन्यावर बसायला बराच काळ घेतला.

यामागचे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेच्या रचनेत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला सामाजिक कार्यकर्त्यांची दोन पदे असतात. नागपूर जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. नरखेड एका टोकाला, भिवापूर दुसऱ्या, आणि मध्ये हे एवढे मोठे शहर. बालविवाह, हरवलेली मुले, रेल्वे स्थानकावर सापडलेली मुले, संस्थांच्या तपासण्या, समितीसमोरचे सामाजिक तपासणी अहवाल, हे सगळे त्याच माणसांकडे असते, आणि संस्थांचे कार्यकर्ते थोडाफार भार उचलतात. प्रशिक्षित माणसांचा तुटवडा हे कारण नागपुरात तरी कोणी सांगू नये. कमलाबाई होस्पेट यांनी १९२१ मध्ये मातृ सेवा संघ सुरू केला तो याच शहरात. त्याच संघाचे समाजकार्य महाविद्यालय बजाजनगरात आहे, तिरपुडे महाविद्यालय सदरमध्ये आहे, आणि दोन्हींतून समाजकार्याची पदवी घेऊन मुले-मुली दरवर्षी बाहेर पडतात. माणसे आहेत; त्यांना टिकून राहता येईल अशी पदे नाहीत. गुण द्यायचेच झाले तर आमच्या ताईंना पैकीच्या पैकी, आणि त्यांना ज्या अटींवर राबावे लागले त्या व्यवस्थेला काठावर पास.

पैशांविषयी लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिते. मिशन वात्सल्यमधून प्रतिपालकत्वातल्या मुलासाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. ते मुलाच्या खर्चासाठी असतात आणि त्यांवर घर चालवण्याचा विचार कोणी करू नये. आमच्या बाबतीत ते दरमहा न येता साचून एकदम आले, आणि एका बँकेच्या शाखेत मुलाच्या नावाचे खाते उघडताना समितीचा आदेश म्हणजे काय, हे समजावण्यातच बरेच हेलपाटे झाले. ज्यांच्या घरी महिनाअखेरीस ओढाताण असते त्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

ज्यांना तरीही पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी कामाचे तेवढे सांगते. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करायचा असतो. १०९८ हा क्रमांक संकटातल्या मुलासाठी आहे, अर्जाच्या चौकशीसाठी तो अडवू नये. अर्जदाराच्या वयाची अट असते, आणि जोडप्यातल्या दोघांचीही तयारी असावी लागते. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तींनाही अर्ज करता येतो. मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी दिली जात नाही. मूल कायदेशीरदृष्ट्या दत्तकासाठी मुक्त असेल, तर दोन वर्षे सांभाळल्यानंतर त्याच कुटुंबाला दत्तक मागता येते. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती. पण दत्तकाचा आडमार्ग म्हणून इकडे येणाऱ्याला कार्यकर्ती दोन प्रश्नांत ओळखते, असे मी पाहिले आहे. अशांनी सरळ दत्तकाची नोंदणी करावी. घरातल्या सर्व माणसांच्या वैद्यकीय तपासण्या कराव्या लागतात, त्यांत एचआयव्ही, क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी यांचा समावेश असतो, आणि घरात म्हातारे माणूस असेल तर त्याला हे आधी नीट समजावून ठेवावे. आमच्याकडे सर्वांत जास्त वेळ पोलीस पडताळणीने खाल्ला, म्हणून तो अर्ज बाकी कागद जमवण्याच्या आधीच टाकून द्यावा.